खऱ्या नाण्यावरचे खोटे अक्षर

महिना उलटला, तरी ते नाणे मनातून जात नाही. १८९३ सालचा अमेरिकी मॉर्गन डॉलर, आणि मागील बाजूस पानांच्या चक्राखाली सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीची ‘एस’ ही खूण. त्या वर्षी तेथे असे अवघे १,००,००० डॉलर पाडले गेले, त्यामुळे हे अक्षर दिसले की मी सावध होतो.

माझ्याआधी एका सहकाऱ्याने त्यावर ‘अस्सल’ असा शेरा मारला होता आणि त्याची मोजमापे बिनचूक होती. वजन २६.६१ ग्रॅम, म्हणजे मूळच्या २६.७३ ग्रॅमपेक्षा झिजेपुरतेच कमी. पाण्यात तोलून काढलेली विशिष्ट घनता १०.३१, जी नव्वद टक्के चांदी आणि दहा टक्के तांब्याच्या मिश्रणाला नेमकी जुळते. ओतीव नकलेत आढळणारे बारीक खड्डे नव्हते, कडेला सांधा नव्हता. आकडे जुळले की भिंग बाजूला ठेवायचे, ही आमच्याकडे जडलेली सवय मला मुळीच पटत नाही. ती चांदी कोणत्या टांकसाळीत ठशाखाली गेली, हे तराजू कसे सांगणार?

मी दर्शनी बाजूवरील ‘लिबर्टी’ हा शब्द भिंगाखाली घेतला. अस्सल १८९३-एस नाण्यांच्या दर्शनी बाजूस एकच ठसा वापरला गेला होता आणि त्यावरील ओरखड्यामुळे ‘टी’ अक्षराच्या माथ्यात केसासारखी तिरकी, उठावाची रेघ उमटते. येथे ‘टी’ स्वच्छ वाचता येत होता, पण रेघ नव्हती. सालातील ‘१’ कडेच्या एका दात्याच्या बरोबर वर असायला हवा होता, तोही सरकलेला होता. मग सूक्ष्मदर्शकाखाली तिरपा प्रकाश टाकून ‘एस’ पाहिला. ठशाने उठलेल्या अक्षराच्या पायथ्याशी धातू अखंड वर चढतो. या अक्षराभोवती मात्र बारीक काळी फट होती.

नाणे फिलाडेल्फियाचे, तेथे टांकसाळीची खूण उमटवत नसत. अक्षर कोणीतरी मागाहून चिकटवलेले. फिलाडेल्फियाची त्या सालची नाणीही फार मुबलक नाहीत, हे आठवून मला अधिकच वाईट वाटले.

आमच्या छापील अहवालात ‘अस्सल’ आणि ‘नकली’ असे दोनच रकाने आहेत. मी दोन्ही रिकामे ठेवून खाली सविस्तर लिहिले. नाणे ज्यांच्या वडिलांच्या संग्रहातले होते, त्या गृहस्थांनी ते दोनदा वाचले आणि विचारले, “हे अक्षर काढले, तर नाणे पुन्हा पहिल्यासारखे होईल का?” सांध्याखालचा पृष्ठभाग कोरला गेला आहे की नाही, हे अक्षर निघाल्याशिवाय कळणार नाही, एवढेच मी त्यांना सांगू शकलो.