पद्मिनीच्या ब्रेकसाठी साताऱ्याहून सांगलीला

१९७८ सालची प्रीमियर पद्मिनी पुन्हा रस्त्यावर आणण्याचे काम वर्षभर साताऱ्यात घरच्या अंगणात चालू आहे. इंजिन आणि पत्राकाम उरकले. अडले ते ब्रेकपाशी. या गाडीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. पेडलला जोडलेल्या मास्टर सिलिंडरमधला दाब ब्रेक ऑइलवाटे चाकांच्या सिलिंडरपर्यंत पोहोचतो आणि सिलिंडरमध्ये ऑइल अडवणारा एखादा रबर कप जरी गळू लागला, तरी पेडल तळाला जाते.

गावातल्या एका दुकानातून ‘पद्मिनीचे किट’ म्हणून आणलेले रबर बसेनात, तेव्हा सगळे सिलिंडर उतरवून व्हर्नियरने मोजले. मागच्या डाव्या चाकाचा सिलिंडर आतून १९.०५ मिलिमीटर, म्हणजे सहा सूत भरला (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). उजव्याचा मात्र २२.२२, म्हणजे सात सूत. आधीच्या कुणा मालकाने हाती लागेल तो सिलिंडर लावून वेळ निभावून नेली होती. दाब सारखाच असला तरी मोठा सिलिंडर ब्रेक शू, म्हणजे ड्रमला आतून घासणारा भाग, अधिक जोराने रेटतो आणि गाडी एका बाजूला ओढते. त्यामुळे दुकानात गाडीचे नाव सांगून भागत नाही. माप लिहून न्यावे आणि जुना नगही सोबत ठेवावा.

सुटे भाग पिशवीत भरून एसटीने कराड, पेठ नाका, आष्टा या मार्गाने सांगली गाठली. तिथल्या एका जुन्या दुकानात फळीच्या मागच्या रांगेतून सहा सुती नवा सिलिंडर निघाला. मात्र त्यातल्या कपाची कड नखाने दुमडून पाहिली, तर बारीक चिरा स्पष्ट दिसल्या. न वापरलेले रबरही वर्षानुवर्षे पडून कडक होते. म्हणून सिलिंडर घेतला आणि कप ताजे, वेगळे घेतले.

मास्टर सिलिंडर कुठेच मिळाला नाही. जुन्याच्या आतल्या भिंतीला गंजाचे खड्डे पडले होते, तेव्हा कुपवाड एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडून तो बोअर करून, म्हणजे आतून कापून मोठा करून, त्यात पितळी स्लीव्ह, म्हणजे नळीसारखे अस्तर, बसवून घेतली. इथे एक गोष्ट कारागिराला आधीच बजावून सांगावी: टाकीतून ऑइल उतरते त्या मोठ्या छिद्राशेजारी सुईच्या टोकाएवढे दुसरे छिद्र असते आणि स्लीव्हमध्ये ते नेमके जुन्याच जागी पाडावे लागते. ते बंद राहिले, तर पेडल सोडल्यावरही दाब उतरत नाही, ब्रेक धरून राहतात आणि ड्रम तापतात. छिद्राच्या कडेला राहिलेली धारही घासून काढायला हवी, कारण पहिल्याच दाबात ती कपाची कड कापते. त्या लेथवाल्यांनी हे काम भिंग लावून, घाई न करता केले, याबद्दल मी त्यांचा मनापासून ऋणी आहे. एमआयडीसीत सुट्टी रविवारीच असेल असे धरू नये. आधी फोन करावा.

जोडणीच्या वेळी रबराला पेट्रोल, डिझेल किंवा ग्रीस लागू देऊ नये, कारण त्याने ते फुगते. ताज्या ब्रेक ऑइलमध्येच बुडवून बसवावे. आम्ही डॉट ३ दर्जाचे ब्रेक ऑइल भरले आणि मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून ब्रेकच्या नळ्यांत अडकलेली हवा काढत आलो. चौथ्या चाकाच्या ब्रेकमधली हवा निघाल्यावर पेडल निम्म्यावर घट्ट थांबले आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही तिथेच होते.