लेकीचं बोलणं लिहून ठेवताना : माझा अनुभव

लहान मुलं काहीतरी भन्नाट बोलतात तेव्हा वाटतं हे जन्मात विसरणार नाही, आणि दोनच दिवसांत नक्की शब्द काय होते ते आठवत नाही, फक्त खूप हसलो होतो एवढंच राहतं. म्हणून लेक बोलायला लागली तेव्हाच मी एक वही केली. आता ती सहा वर्षांची आहे, वही भरत आलीये, आणि घरात छोटं मूल असेल तर हे प्रत्येकानं करावं असं मला अगदी मनापासून वाटतं, म्हणून कसं कसं जमत गेलं ते सांगते.

सुरुवातीला लिहायला फार काही नसतं. वर्षाच्या आसपास एखाददुसरा शब्द, दीड वर्षाच्या सुमारास बऱ्याच मुलांचे पन्नासेक होतात, दोनच्या आसपास दोन शब्द जोडले जातात, कुणाचं थोडं मागेपुढे. आमच्याकडे जोडलेलं पहिलं प्रकरण होतं "बाबा नाही". बाबा ऑफिसला गेले की बाबा नाही, बाबांनी उचलून घेतलं आणि तिला उतरायचं असलं तरी बाबा नाही, आणि बाबा दाराआड लपून परत दिसले की टाळ्या वाजवत "बाबा नाही नाही!" म्हणजे आले! आता वहीत नुसतं "बाबा नाही" लिहिलं असतं तर आज वाचून काय कळलं असतं? त्यामुळे तेव्हापासून पद्धत ठरली, तारीख, तिचं वय, समोर काय चाललं होतं, आणि मग तिचे शब्द जसेच्या तसे, एक अक्षर न सुधारता. वही जवळ नसेल तर मोबाईलवर टाईप करायचं आणि रात्री उतरवून घ्यायचं. व्हिडिओच्या भरवशावर राहू नका, मोबाईल समोर धरला की मुलं एकतर गप्प होतात नाहीतर कॅमेऱ्याकडे बघून भलतंच काहीतरी करायला लागतात.

मुलांच्या बोलण्याची अशी टिपणं ठेवायची पद्धत जुनी आहे बरं का. चार्ल्स डार्विननं आपल्या मोठ्या मुलाच्या बाळपणी, १८४० च्या सुमारास, अशा नोंदी ठेवल्या होत्या आणि त्यावरचा लेख १८७७ मध्ये छापला. एवढा मोठा शास्त्रज्ञ बाळ कधी चिडतं, कधी हसतं, पहिल्यांदा काय बोलतं ते लिहून ठेवत होता हे वाचून मला फार आनंद झाला होता.

अडीच ते चार हा काळ तर निव्वळ खजिना. "मी चित्र करलं", "बाबा बाहेर जाला", "पाऊस येला येला!" असं सगळं. घरात कुणीच करलं, जाला म्हणत नाही, मग ही कुठून शिकली? तर ती ऐकून बोलतच नसते, बसला, उठला, पडला यावरून तिनं आतल्या आत नियम काढलेला असतो आणि तो सगळीकडे लावत सुटते. १९५८ मध्ये जीन बर्को नावाच्या संशोधिकेनं मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवून त्याचं बनवलेलं नाव सांगितलं आणि असे दोन असतील तर काय म्हणाल विचारलं, तर मुलांनी कधीही न ऐकलेल्या त्या शब्दाचं अनेकवचन बरोबर करून दाखवलं. म्हणजे करलं ही चूक नाहीच, डोकं चालत असल्याची खूण आहे! माझी सगळ्यात लाडकी नोंद याच काळातली, तीन वर्षांची होती, बाहुली माझ्या हातात देऊन म्हणाली, "आई, हिला आधी आंघोळव, मग झोपव." झोपव चालतं तर आंघोळव का नाही चालणार, सांगा बरं. अशा वेळी "तसं नाही म्हणायचं" हे आम्ही टाळायचो. ती "मी चित्र करलं" म्हणाली की मी "अरे वा, तू केलंस? बघू बघू" म्हणायचे, बास. हळूहळू आपोआप बदललं, कुणी शिकवायला बसलं नाही.

चार वर्षांनंतर शब्दांपेक्षा विचारच गमतीशीर व्हायला लागले. रात्री गाडीतून येताना बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती आणि मग काळजीनं विचारलं, "हा चंद्र आपल्या मागे मागे का येतोय, त्याच्या घरी कुणी नाही का?" चंद्र आपल्याबरोबर चालतो असं लहान मुलांना खरंच वाटतं, ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञानं मुलांशी बोलून हे लिहून ठेवलंय, निर्जीव वस्तूंना जीव असतो असंही त्यांना वाटतं. पण घरी कुणी नाही का, हे तिचं स्वतःचं. मी म्हटलं आहे ना, चांदण्या आहेत, तेव्हा कुठे जीवात जीव आला तिच्या.

फोनवर आजोबांनी काही विचारलं की नुसती मान हलवायची आणि तिकडून ते हॅलो हॅलो करत राहायचे. एकदा बागेत मुंग्यांची रांग आडवी आली तर वाकून, अगदी हळू आवाजात, "अहो मुंगी, जरा बाजूला व्हा, माझा पाय येतोय." मोठ्यांना अहो-जाहो करायचं हे नुकतंच सांगितलं होतं, मुंगी वयानं मोठी आहे हे तिनं कसं ठरवलं कुणास ठाऊक, पण ती रांग पूर्ण जाईपर्यंत थांबली होती.

आणि आजीचं. आजीचे गुडघे दुखत होते, ही शेजारी बसून चोळून देत होती आणि म्हणाली, "आजी, तू लहान झालीस ना की मी तुला कडेवर घेऊन फिरवीन." आजीनं विचारलं, आणि मी हट्ट केला तर? थोडा विचार करून म्हणाली, "थोडासा चालेल." आजीला हे कितीही वेळा वाचून दाखवलं तरी ती परत वाच म्हणते.

एका गोष्टीत मात्र मी फार कडक आहे. पाहुण्यांसमोर "ते परवाचं म्हणून दाखव ना" असं मुलांना कधी म्हणायचं नाही. ती विनोद करत नसतात, त्यांच्या दृष्टीनं तो गंभीर प्रश्न असतो. चंद्राबद्दल तिला काळजी वाटत होती आणि आपण सगळे मिळून हसलो तर पुढच्या वेळी ती विचारणारच नाही. हसू येतंच, येऊ दे, पण आधी उत्तर द्यायचं आणि हसायचं नंतर, आतल्या खोलीत जाऊन.

आता ती स्वतः वाचायला शिकलीये, वही घेऊन बसते आणि "मी असं म्हणाले होते?" म्हणून खूश होते. मध्यंतरी तिनं आंघोळव खोडून नीट करायला पेन्सिल घेतली होती, तेव्हा मी सांगितलं, बाळा, हे तीन वर्षांच्या तुझं आहे, तिला विचारल्याशिवाय बदलायचं नाही. ते तिला एकदम पटलं. धाकटा आता दीड वर्षाचा आहे, त्याची वही वेगळी केलीये आणि त्यातल्या निम्म्या नोंदी तीच धावत येऊन सांगते, तारीख टाकलीस का हेही विचारते.