हारानची पानं

शनिवार, रात्री

आज इकेबानाच्या, म्हणजे जपानी पुष्परचनेच्या, वर्गात पुन्हा हारान (अ‍ॅस्पिडिस्ट्रा). नुसती पानं, फूल एकही नाही. क्योतोत पावसाळा लागलाय, फुलांच्या दुकानांत निळ्या हायड्रेंजियाच्या राशी आहेत आणि आमच्या पुढ्यात हिरव्या पानांची जुडी. मला हे मनापासून आवडतं.

हारानची मधली शीर बरोबर मधोमध नसते. पानाची एक बाजू रुंद, दुसरी अरुंद. म्हणून ‘शोका’ ही पारंपरिक रचना करताना डावीकडचं पान कोणतं, उजवीकडचं कोणतं, हे आधी निवडावं लागतं. शिन, सोए, ताई या तीन मुख्य रेषा. बाकीची पानं त्यांच्या सोबतीला, आणि एकूण संख्या विषम. माझा सगळ्यात जास्त वेळ जातो तो मिझुगिवावर, म्हणजे देठ पाण्यातून जिथे वर येतात त्या जागेवर. केन्झानच्या, म्हणजे पात्राच्या तळाशी ठेवलेल्या जड चकतीच्या, खिळ्यांवर देठ एकामागे एक असे रोवायचे की समोरून एकच देठ दिसावा. ते साधलं की पानं तिथेच उगवल्यासारखी वाटतात. नाहीतर खोचलेली दिसतात.

चहानंतर जियुका, मुक्त रचना. सेन्सेई, म्हणजे आमच्या शिक्षिका, म्हणाल्या, तीच पानं घ्या. एक पान मी शिरेला समांतर चिरून त्याच्या पट्ट्या केल्या, दुसरं गुंडाळून त्याचा देठ त्याच्यातूनच आरपार ओवला. आता ते पान राहिलं नव्हतं, एक हिरवी चकाकती वळी झाली होती. शेजारी एकच हायड्रेंजिया. नव्या मुलींना थेट जियुकाच हवी असते. मला ते पटत नाही. पान कुठवर वाकतं आणि कुठे फाटतं, हे शोका करतानाच बोटांना कळलेलं असतं.

येताना रोक्काकुदोत गेले. इकेबानाच्या इकेनोबो घराण्याचं हे मंदिर. इथले पुजारी बुद्धापुढे फुलं वाहायचे. 1462मध्ये त्यांच्यातल्याच सेन्केई यांनी सोनेरी पात्रात रचलेली फुलं बघायला शहरातले रसिक लोटले होते. ही नोंद तोफुकुजी मंदिरातल्या एका भिक्षूच्या रोजनिशीत आहे. रोज लिहिणाऱ्या माणसाबद्दल मला फार कृतज्ञता वाटते! त्यानं ती ओळ लिहिली नसती तर आपल्याला काय कळलं असतं?

आणि परंपरा म्हणजे तेव्हापासून गोठलेली गोष्ट, असंही नाही. ‘शोका शिम्पुताई’ ही शोकाची नवी शैली आली 1977मध्ये. तिच्यात तीनऐवजी दोनच मुख्य फांद्या, शू आणि यो, एकमेकींना उत्तर देणाऱ्या. पुढच्या आठवड्यात तीच शिकायची आहे. यो म्हणून काय घ्यावं, हे अजून ठरत नाहीये. बहुधा हारानच.