मितोमा, बांबू आणि गवत

फुटबॉलपटू काओरु मितोमाला जपानमध्ये किती जण शोधतात, हे बघायला काल रात्री गूगल ट्रेंड्स उघडलं. हौसेने नाव कांजीत, म्हणजे जपानीतल्या चिनी अक्षरांत टाकलं. आलेखाची रेघ अगदीच मरतुकडी! नीट पाहिलं तर 'तोमा'च्या डोक्यावर बांबूची खूण हवी, मी गवताची दिली होती. ही चूक जपानी लोकही सर्रास करतात, म्हणून दोन्ही नावं मध्ये अधिकचं चिन्ह टाकून जोडली.

आलेखावरचे १०० म्हणजे शोधांची संख्या नव्हे, निवडलेल्या काळातलं शिखर. स्पेनविरुद्धचा २०२२च्या विश्वचषकातला सामना त्यात धरला, की बाकीचे महिने खुजे दिसणारच. मितोमाने बाहेर जाता जाता आत ढकललेला, मैदानाच्या रेषेवर जेमतेम १.८८ मिलिमीटर उरलेला तो चेंडू! जपानात तेव्हा २ डिसेंबरची पहाट होती. तो महिना वगळून पुन्हा मोजायला बसलोय.