रंग भरायचे राहिलेत का?

"मावशी, यात रंग भरायचे राहिलेत का?"

माझ्या स्क्रीनवर जॉन फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराचं रेखाचित्र उघडं होतं. तटावर बेशुद्ध पडणारी अँड्रोमकी. ट्रॉयच्या युद्धावरच्या होमरच्या 'इलियड' महाकाव्यावरची ही चित्रमालिका त्याने रोममध्ये काढली, टोमासो पिरोलीने ती तांब्याच्या पत्र्यांवर कोरली आणि 1793 साली ती छापली गेली. छाया नाही, मागे देखावा नाही. जुन्या ग्रीक कलशांवर असते तशी नुसती बाह्यरेषा.

भाचीला उत्तर देता येईना, म्हणून तिला गोष्ट सांगितली. अँड्रोमकी घरात मागावर विणत बसलीये. नवरा हेक्टर, ट्रॉयचा राजपुत्र, लढून दमून येईल म्हणून तिने दासींना आंघोळीचं पाणी तापवायला सांगितलंय. तेवढ्यात तटाकडून आक्रोश ऐकू येतो. धावत जाऊन बघते, तर शत्रूकडच्या ग्रीक योद्ध्याच्या, अकिलीसच्या, रथामागे नवऱ्याचं प्रेत फरफटत चाललंय. ती कोसळते, नणंदा-जावा तिला सावरतात.

भाचीने विचारलं, "मग त्या पाण्याचं काय झालं?"

दिवसभर तेच डोक्यात आहे. होमरने ते पाणी मुद्दाम तापत ठेवलंय, आणि फ्लॅक्समनने सगळं गाळून फक्त तोल गेलेली बाई ठेवली. मला दोन्ही तितकंच खरं वाटतं.

याच फ्लॅक्समनने पुढे तंजावरच्या सरफोजीराजांसाठी संगमरवरी शिल्प घडवलं. मरणशय्येवरच्या श्वार्ट्झगुरूंचा, म्हणजे राजांना शिकवणाऱ्या जर्मन मिशनऱ्याचा, हात राजांनी हातात घेतलाय. तिथल्या चर्चमध्ये ते आहे. तुमच्यापैकी कुणी समोर उभं राहून पाहिलंय का ते?