रामटेकचा डोंगर, पायी पायी

नागपूरचा माणूस रामटेकला जातो म्हणजे गाडीने जातो. कामठी, कन्हान, मनसर, तिथे मोठा रस्ता सोडून उजवीकडे वळायचं, मग घाटाचा रस्ता आणि थेट गडाजवळचं पार्किंग. दर्शन होतं, माकडांना घाबरून होतं, वरून गावाचे दोन-चार फोटो होतात, जमलंच तर खिंडसीला बोटीत बसणं होतं आणि दिवेलागणीला सगळे परत नागपूरला, बर्डीवर. ट्रेक करायचा म्हटलं की आमच्याकडची पोरं रात्रभर रेल्वेत बसून नाशिक-पुण्याकडे निघतात. जावं की, सह्याद्रीसारखं काही नाही. पण पन्नासेक किलोमीटरवर उभा असलेला हा डोंगर कुणी डोंगर म्हणून चढत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून त्याला पायी घातलेल्या या फेरीबद्दल लिहिते आहे.

फेरी अशी: रामटेक गावातून पायऱ्यांनी गडावर, गडावरून पलीकडच्या पायऱ्यांनी अंबाळ्याच्या तलावावर, तिथून पायथ्याच्या झाडीतून कपूर बावडी, आणि मग डोंगर एका हाताला ठेवत शेतांच्या कडेने परत गावात. रमतगमत गेलं तर सकाळची दुपार होते. आमच्यासोबत दादाची लेक होती, आठवीतली, त्यामुळे आम्ही रमतगमतच गेलो.

मार्गशीर्षातली थंडी. गणेशपेठहून पहाटेची एसटी धरली. कन्हानच्या पुलावर धुकं इतकं दाट की नदी दिसलीच नाही. रामटेकच्या स्टँडबाहेर तर्री पोहे खाल्ले. तर्री चांगली लाल, चणे बोटाने दाबले तर फुटतील इतके शिजलेले, वरून चिवडा आणि कांदा. इथे पोटभर खाऊन घ्यावं, कारण पुढे गडावरची दुकानं सोडली तर काही मिळत नाही.

पायऱ्या गावाच्या घरांमधूनच सुरू होतात आणि चार वळणांत घरं मागे पडतात. मी कॉलेजात भूशास्त्र शिकले. पुढे नोकरी बँकेत लागली, पण दगड दिसला की वाकून बघायची सवय काही गेली नाही. या डोंगरावर तर पावलोपावली वाकावं लागतं. पायरीच्या कडेला उघडा पडलेला एक पदर भाचीला दाखवला. करडा, किंचित हिरवट झाक असलेला दगड, वहीच्या पानांसारखा थरांत सुटणारा. सूर्य तिरपा होता, त्यामुळे सगळा पदर चांदीसारखा चमकत होता. नखाने खरवडलं की बोटावर चकचकीत पापुद्रे येतात. ते अभ्रक. मधूनच गारगोटीची पांढरी शीर गेलेली, आणि ती सरळ नाही, नागमोडी वळलेली. एके ठिकाणी तर ती स्वतःवरच दुमडून उलटी आली होती.

"आत्या, दगड वाकतो?" तिने विचारलं.

वाकतो. खूप खोल गाडला, खूप तापला आणि दोन्ही बाजूंनी दाबला, की घट्ट दगडही वळतो. कधी काळी ही समुद्रतळाची वाळू आणि गाळ होता. वाळूचा क्वार्ट्झाइट झाला, गाळाचा हा अभ्रकी सुभाजा झाला. या दगडांना भूशास्त्रात सौसर समूह म्हणतात, आपल्या शेजारच्या, पूर्वी छिंदवाड्यात आणि आता पांढुर्णा जिल्ह्यात असलेल्या सौसर गावावरून. वय मोजायचं तर शंभर कोटी वर्षांच्या मागे जावं लागतं. सह्याद्रीचा काळा पाषाण, ज्याच्यावर राजगड-रायगड उभे आहेत, तो साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. म्हणजे ज्याला आपण अनादि-अनंत समजतो तो सह्याद्री या टेकडीपुढे कालचं पोर आहे.

आणि गंमत बघा, या दोन जगांची शीव आपल्या नागपूर शहरातून जाते. सीताबर्डीची टेकडी, सेमिनरी हिल, अंबाझरीची बाजू, हे सगळं लाव्ह्याच्या दगडाचं. पश्चिमेकडून आलेला तो काळा पाषाण नागपुरापाशी संपतो. शहराच्या पूर्वेला विहीर खोदा, खाली पट्टिताश्म लागतो, ग्रॅनाइटच्या कुळातला, जुन्याहून जुना. कामठी-सिलेवाड्याकडे वालुकाश्म आणि त्याच्या पोटात कोळसा. एवढ्या लहान टापूत इतक्या वेगवेगळ्या काळांचे दगड मिळणं ही साधी गोष्ट नाही. ज्यांच्या नावाने आपलं हिस्लॉप कॉलेज आहे, ते स्टीफन हिस्लॉप मिशनरी होते, पण नागपूरच्या आसपास पायी आणि घोड्यावर फिरून त्यांनी हेच दगड आणि त्यांतले जीवाश्म गोळा केले. 1863 मध्ये टाकळघाटची शिलावर्तुळं पाहून परतताना ओढ्याच्या पुरात ते बुडून गेले. पुढे 1930 च्या दशकात भूशास्त्रज्ञ डब्ल्यू. डी. वेस्ट यांनी मनसरवरून जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावर पुढे असलेल्या देवलापारच्या डोंगरांत दाखवून दिलं की इथले थर नुसते वळलेले नाहीत, तर मोठाल्या घड्या होऊन मैलोगणती दुसऱ्या थरांवर सरकले आहेत. आल्प्समध्ये दिसते तशी रचना, आणि ती नागपूर जिल्ह्यात. पायरीवरची ती उलटी फिरलेली पांढरी शीर म्हणजे त्याच दाबाची लहानशी खूण.

वर जाताना सालईची झाडं लागतात. पानं गळून गेलेली, साल कागदासारखी सुटत असलेली. जिथे मातीचा थर पातळ तिथे सालई, जिथे थोडी खोली तिथे साग आणि तेंदू. वाळक्या गवतातून वाऱ्याचा एकसारखा आवाज येत होता. खाली भोंग्यावर कुठेतरी काकड आरती चालू होती.

गडाच्या अलीकडे दोन लहान देवळं आहेत, रुद्र नरसिंह आणि केवल नरसिंह. गाडीने येणारे बहुतेक जण त्यांच्यासमोरून सरळ निघून जातात. माझं मागणं एवढंच आहे की तिथे थांबा. ही विदर्भावर राज्य करणाऱ्या वाकाटकांच्या काळातली, पाचव्या शतकातली देवळं. बसकी, जाड चौकोनी खांबांची, आत शिरताना मान झुकवावी लागते. बाहेरच्या उन्हातून आत गेलं की काही क्षण काहीच दिसत नाही, आणि मग हळूहळू समोर भलामोठा नरसिंह दिसू लागतो. हिरण्यकशिपूला मांडीवर घेऊन फाडणारा नाही. हा निवांत बसला आहे. रुंद सिंहमुख, भरदार खांदे, हातात चक्र. त्याची ती बसण्याची ऐट पाहिली की नंतरच्या काळातले उग्र नरसिंह एकदम नाटकी वाटायला लागतात. दादा शक्यतो देवळात फार वेळ रेंगाळत नाही, पण इथे तोही खांबाला टेकून बसून राहिला. दगड तांबूस वालुकाश्म आहे, म्हणजे या डोंगराचा नव्हे. दुसरीकडून आणून, वर चढवून घडवला आहे.

त्या काळी या डोंगराला रामगिरी म्हणत. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता वाकाटकांच्या घरात दिलेली होती. नवरा रुद्रसेन लवकर गेला, मुलं लहान, आणि राज्याची सूत्रं तिने हाती घेतली. तिचा एक ताम्रपट रामगिरीच्या स्वामींच्या, म्हणजे इथल्या देवाच्या, चरणांपासून दिलेला आहे. राजधानी नंदिवर्धन म्हणजे आजचं नगरधन, गडावरून त्या दिशेची शेतं दिसतात. मी गडावर उभी राहते तेव्हा मला मेघदूतातल्या यक्षाच्या आधी ही बाई आठवते. कालिदासाचा यक्ष रामगिरीवर होता, म्हणून इथे कालिदास स्मारक झालं, रामटेकात त्याच्या नावाचं संस्कृत विद्यापीठ झालं, हे छानच झालं. प्रभावतीच्या नावाचं मात्र काही दिसत नाही. तेही व्हावं.

गडाचे दरवाजे ओळीने लागतात. वराह दरवाजापाशी एकसंध दगडातला वराह चार पायांवर उभा आहे आणि त्याच्या पोटाखालून सरपटत जाण्याची रीत आहे. भाची गेली, तिच्यामागे दोन अनोळखी काकूही हसत हसत गेल्या. पुढे सिंगपूर, भैरव आणि शेवटी गोकुळ दरवाजा. आत आधी लक्ष्मणाचं देऊळ, त्याच्या मागे रामाचं. लक्ष्मणाच्या देवळात रामचंद्र यादवाच्या काळातला शिलालेख आहे, म्हणजे तेराव्या शतकाची अखेर. गडाची आजची डागडुजी आणि थाट नागपूरकर भोसल्यांच्या काळातला, पहिल्या रघूजींपासूनचा. कार्तिकात त्रिपुरी पौर्णिमेला इथे मोठी यात्रा भरते. त्या गर्दीत डोंगर दिसत नाही, म्हणून मी नंतरच जाते.

गडावरच्या रामझरोख्यावर वारा बोचरा होता. एका बाजूला खिंडसीचं पाणी, दुसऱ्या बाजूला गावाची कौलं आणि पत्रे, मध्ये कापून मोकळ्या झालेल्या धानाच्या बांध्या, आणि मनसरच्या बाजूला मँगनीजच्या खाणींचे काळे ढिगारे. खाणीतल्या त्या खनिजाचा सोबती असलेल्या दगडाला भूशास्त्रज्ञ फर्मर यांनी 1909 मध्ये गोंडाइट नाव दिलं, इथल्या गोंड लोकांवरून. जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत हे नाव आहे, आणि ते आपल्या अंगणातून गेलं आहे.

अंबाळ्याकडे उतरणाऱ्या पायऱ्या गावाकडच्या पायऱ्यांपेक्षा जास्त शांत. कुठे कुठे दगड झिजून मधोमध खोलगट झाला आहे. अर्ध्या वाटेवर एक आजोबा डोक्यावर झाडझाडोऱ्याची मोळी घेऊन वर येत होते. टेकले, मोळी कठड्यावर ठेवली.

"कुठून आले जी?"

"नागपूरहून, काका."

"पायी चढले? ह्या पोरीलेही चढवलं? बरं केलं. आता कोणी इकडून येऊन नाही राहिलं. पयले अंबाळ्यात आंघोळ केल्याबिगर गडावर जातच नव्हते लोक."

खरं आहे. यात्रेकरूंची मूळ वाट हीच. तलावावर आंघोळ, मग ओल्या धोतराने चढण. तलावाभोवती घाट आणि लहान-मोठी देवळं आहेत, विदर्भातले लोक अजूनही इथे पितरांचं करायला येतात. आम्ही पोचलो तेव्हा एका कुटुंबाचं श्राद्ध चालू होतं, म्हणून आम्ही लांबच्या घाटावर बसलो आणि डबा उघडला. वहिनीने ज्वारीच्या भाकरी, झुणका आणि हिरव्या मिरचीचा ठेचा दिला होता. पाण्यात डोंगराची अख्खी कड उलटी दिसत होती.

कपूर बावडी झाडीत लपलेली आहे. विचारत विचारतच जावं लागतं, आणि रस्ता सांगणारा प्रत्येक जण "इथंच आहे, जवळच" म्हणतो. मग एकदम समोर येते. चौकोनी कुंड, काठावर दगडी ओसरी, खांबांचे पाय हिरव्या पाण्यात, वर देवळांची शिखरं, आणि त्यांच्या सांध्यांतून निघालेली पिंपळाची मुळं. एका खांबावर किंगफिशर बसला होता. आम्ही दिसलो तसा पाण्यावरून सरळ रेषेत निघून गेला. ओसरीच्या दगडांवर कुणी कुणी नावं कोरली आहेत, काठाला प्लास्टिकच्या बाटल्या तरंगत होत्या. भाचीने पिशवी काढून हाताला येतील त्या गोळा केल्या, आम्हीही लागलो. इतकी सुंदर जागा, आणि तिच्याकडे बघायला माणूस नाही. दगड एकदा ढळला की पुन्हा तसा बसत नाही. इथे जाणाऱ्यांनी खांबांवर, कठड्यांवर चढू नये, हे कळकळीने सांगते.

परतीची वाट सपाट. धानाच्या बांध्यांमधून, धुऱ्याधुऱ्याने. कापणी झालेली, जागोजागी पुंजणे रचलेले, एका खळ्यावर मळणीयंत्र चालू होतं आणि हवेत भुसा. इथून डोंगर खरा कळतो. गाडीच्या रस्त्यावरून तो नुसता एक चढ असतो. खालून, बाजूने चालताना त्याचे उभे कडे दिसतात, क्वार्ट्झाइटचे कठीण पदर पुढे आलेले, मऊ सुभाज्याच्या जागी झाडी शिरलेली, आणि गड नेमका त्या कठीण कड्याच्या टोकावर. बांधणाऱ्यांनी जागा डोळसपणे निवडली होती. दादा म्हणाला, "एवढी वर्षं येतो, पण ही बाजू कधी पाहिलीच नव्हती गं."

कुणाला जायचं असेल तर थोडं सांगते. दिवाळीनंतर ते महाशिवरात्रीपर्यंतचे दिवस उत्तम. उन्हाळ्यात दगड तापतो, दहानंतर चढूच नये. पावसाळ्यात डोंगर हिरवागार असतो, पण अंबाळ्याकडच्या पायऱ्या शेवाळाने निसरड्या होतात. प्यायचं पाणी गावातूनच भरून घ्या. माकडं पिशवी ओढतात, तेव्हा प्रसाद हातात दिसू देऊ नका. बावडीकडे एकट्याने जाऊ नका, अंबाळ्यात कुणाला तरी विचारून, सोबत घेऊन जा. गाडी नसेल तरी अडत नाही, एसटी आहे, इतवारीहून रेल्वेही आहे. आणि हातात वेळ असेल तर येताना मनसरला उतरा. तिथल्या हिडिंबा टेकडीवर उत्खननात निघालेलं वाकाटकांच्या काळातलं विटांचं बांधकाम आहे, आणि टेकडीच्या माथ्यावरून, आत्ताच फिरून आलेला रामटेकचा डोंगर अख्खा दिसतो.