आमची वाटचाल: दोन प्रणाली, एक वही

२००१ साली आम्ही दोघांनी सर्व्हर बसवून देण्याचा आणि सांभाळण्याचा व्यवसाय सुरू केला. मी लिनक्सवाला, माझा भागीदार फ्रीबीएसडीवाला; दोन्ही संगणक चालवणाऱ्या प्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. भांडवल थोडं होतं, मतं मात्र पक्की. कोणती प्रणाली वेगवान, हा वाद पहिला ग्राहक येण्याआधीच सुरू झाला होता.

पहिलं मोठं काम मेल सर्व्हरचं. एकाच मशीनवर आधी लिनक्स, मग फ्रीबीएसडी टाकून आम्ही हजारो छोट्या फायली बनवल्या, पुसल्या. लिनक्स कितीतरी पुढे. मी खूश. भागीदार म्हणाला, "आता काम चालू असताना प्लग काढ."

काढला. आमच्या लिनक्सवर ईएक्सटी२ ही फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फायली मांडण्याची पद्धत, होती. ती फायलींच्या नोंदी मेमरीत ठेवून नंतर सवडीने डिस्कवर उतरवते, आणि कोणती आधी, कोणती मागून याची हमी देत नाही. वेग तिथूनच येत होता. पुन्हा चालू केल्यावर डिस्क तपासणीत बराच वेळ गेला आणि रांगेतली काही पत्रं 'लॉस्ट अँड फाउंड' या अनाथ फायलींच्या फोल्डरमध्ये बिननावाची सापडली. फ्रीबीएसडीच्या 'सॉफ्ट अपडेट्स' या लिहिण्याच्या पद्धतीतही नोंदी उशिराच उतरतात, पण क्रम सांभाळून. शेवटच्या काही सेकंदांतलं तिथेही गेलं; बाकी सगळं जागच्या जागी. तो सर्व्हर आम्ही फ्रीबीएसडीवर दिला. मला ते जड गेलं, पण लोकांची पत्रं पणाला लावण्याचा हक्क मला नव्हता.

पुढे अनेक प्रोसेसरांची मशीन आली आणि पारडं फिरलं. २००३ मध्ये फ्रीबीएसडी ५ आली तेव्हा कर्नलचा, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याचा, मोठा भाग अजून 'जायंट' नावाच्या एकाच कुलपाखाली होता. एक प्रोसेसर आत असला की दुसरा दाराशी थांबायचा. डेटाबेसची कामं आम्ही लिनक्स २.६ वर नेली. २००८ च्या फ्रीबीएसडी ७.० च्या घोषणेत तेव्हाच्या सर्वोत्तम लिनक्स कर्नलपेक्षा १५ टक्के सरस असल्याचा दावा होता. भागीदाराने तो छापून माझ्या टेबलावर ठेवला. आमच्या ग्राहकांच्या कामावर तो उतरतो का, हे मात्र दोघांपैकी कुणीच लगेच मोजलं नाही, आणि त्याची किंमत लवकरच मोजावी लागली.

एका ग्राहकाच्या पोस्टग्रेस डेटाबेसवर अहवालाची एक क्वेरी, म्हणजे माहिती मागवणारी आज्ञा, होती. सारख्याच दोन मशीनवर 'एक्सप्लेन ॲनालाइझ' ही क्वेरी चालवून तिच्या टप्प्यांचा वेळ दाखवणारी आज्ञा लावून पाहिलं, तर फ्रीबीएसडीला जवळपास दुप्पट वेळ. मी त्याच दिवशी ग्राहकाला लिनक्सवर जायचा लेखी सल्ला दिला. भागीदाराला विचारलंही नाही. चार दिवस आम्ही कामापुरतंच बोललो.

पाचव्या दिवशी त्याने मला शेजारी बसवलं. तीच क्वेरी साधी चालवली तर दोन्हीकडे वेळ जवळजवळ सारखा! फरक मोजण्यातच होता. एक्सप्लेन ॲनालाइझ प्रत्येक ओळीला घड्याळ विचारतं. लिनक्स कर्नलमध्ये न शिरता टीएससी या प्रोसेसरच्या आतल्याच टिकटिक मोजणीतून उत्तर देत होतं. फ्रीबीएसडीने त्या मशीनवर एसीपीआयचं, म्हणजे प्रोसेसरबाहेरचं, घड्याळ निवडलं होतं, आणि ते दर वेळी वाचणं महाग पडतं. त्या निवडीला कारण होतं: त्या काळातल्या काही प्रोसेसरांवर प्रोसेसरमधल्या वेगवेगळ्या कोअरच्या (गणन-भागांच्या) टीएससी मोजण्या जुळत नसत. आमच्या मशीनवर त्या जुळतात याची खात्री करून त्याने एक सेटिंग बदललं. दरी जवळजवळ मिटली. ग्राहकाला दुसरं पत्र मीच लिहिलं, चूक माझी असं स्पष्ट म्हणून. त्याने काम काढून घेतलं नाही, याबद्दल मी आजही ऋणी आहे.

त्या आठवड्यात वही आली. आवृत्ती, माउंटचे (डिस्क प्रणालीला जोडण्याचे) पर्याय, घड्याळाचा स्रोत, प्रोसेसर वीज वाचवण्याच्या मोडमध्ये आहे का, कॅशे थंड होता की तापलेला (म्हणजे डेटा आधीच मेमरीत होता का), हे लिहिल्याशिवाय आकडा बोलायचा नाही. आणि एक नियम भागीदाराचा: तुलना करायची तर माझी प्रणाली तो ट्यून करणार, त्याची मी. यानेच आम्हाला जास्त शिकवलं. दुसऱ्याची बाजू हरली तर दोष आपल्या हातांचा, मग माणूस मॅन्युअल नीट वाचतो.

आता बहुतेक ग्राहक कंटेनरसाठी, म्हणजे ॲप्स वेगवेगळ्या बंद डब्यांत चालवण्यासाठी, येतात, ते लिनक्सवरच जातात. तिथे वादच नाही. फायली पाठवण्याचं अवजड काम असेल तर मी स्वतः फ्रीबीएसडी सुचवतो. नेटफ्लिक्स आपले व्हिडिओ पाठवणारे सर्व्हर त्यावरच चालवतं, हे ग्राहकाला सांगतो, पण निर्णय त्याच्या फायलींवर मोजूनच होतो.

सध्या वहीत झेडएफएस या फाइल सिस्टिमवरचं पोस्टग्रेस आहे. नियमाप्रमाणे फ्रीबीएसडी माझ्याकडे. झेडएफएस फायली ज्या तुकड्यांत लिहिते त्या रेकॉर्डचा आकार मुळात १२८ किलोबाइट, पोस्टग्रेसचं पान ८ किलोबाइटचं, म्हणून मी तो ८ वर आणला. बदललेला आकार नव्या फायलींनाच लागतो, त्यामुळे सगळा डेटा पुन्हा भरावा लागला. फुटकळ लिखाणाचा वेग वाढला, कॉम्प्रेशन घसरलं. दोन्ही आकडे लिहून ठेवलेत. भागीदार म्हणतो १६ वरही बघ, म्हणून आज रात्री डेटा परत भरायला लावलाय.